हुप्प्याची सत्ता आणि माणसाची जबाबदारी

राजकारण्याला कोल्हा, लांडगा वा सरडा ठरविण्याची रीत मराठी व्यंगकलेत जुनी आहे. सत्ताधाऱ्याची झूल उतरवून त्याची भूक उघडी करणे, हे या रीतीचे बळ. परंतु या हत्याराला दुसरी धारही आहे. प्राण्याचे रूपक सत्तेचा बुरखा फाडते, तसेच ते सत्तेला बुरखा पुरवूही शकते.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही लघुकादंबरी घ्यावी. १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कथा वानरांच्या टोळ्यांची. शीर्षक मात्र राजकारणाच्या परिभाषेतले. त्या एका शब्दाने वाचक जंगलात विधिमंडळ पाहू लागतो. वानरांच्या टोळीवर कब्जा मिळविणारा नवा हुप्प्या पुष्कळदा आधीच्या हुप्प्याची पिले मारतो. पक्षांतराने सरकारे कोसळताना पाहिलेल्या वाचकास हे चित्र ओळखीचे वाटले, तर नवल नाही.

धोका आहे तो इथेच. ‘सत्ता म्हटली की असेच चालायचे’ असा निष्कर्ष वाचकाने काढला, तर उपहासाचे रूपांतर समर्थनात होते. हुप्प्याला दुसरा मार्ग नसतो. मंत्र्याला आणि साखर कारखान्याच्या अध्यक्षाला तो असतो. लेखक निसर्ग दाखवितो; त्यातून राजकारणाचा नियम काढण्याची जबाबदारी वाचकाची.

माडगूळकरांच्या मुलखाचा इतिहासच या निष्कर्षाला उत्तर देतो. त्यांचे जन्मगाव माडगुळे आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. त्यांच्या जन्मकाळी, १९२७ साली, ते औंध संस्थानात होते. संस्थानाची राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली घटना स्वीकारली आणि ग्रामपंचायतींच्या पायावर उभा कारभार प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपविला. हेही सत्तांतरच होते. पण त्यात कोणाची पिले मारली गेली नाहीत. पुढे १९४३ पासून याच परिसरात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याने गावोगावी न्यायदान मंडळे चालविली. कळपाला हे साधत नाही.

म्हणून व्यंगचित्रातील प्राणी निसर्गाचा नव्हे, वचनभंगाचा साक्षीदार असावा. असीम त्रिवेदी यांनी राजमुद्रेवरील सिंहांच्या जागी लांडगे काढले. त्या चित्राचा अर्थ ‘सत्ता लांडग्याचीच असते’ असा नव्हता. सिंहांची जागा लांडग्यांनी बळकावली, असा आरोप त्यात होता. तो आरोप झोंबला म्हणूनच २०१२ साली मुंबईत त्यांच्यावर राजद्रोहाचे कलम लागले. जनमताच्या रेट्यापुढे ते शासनाला मागे घ्यावे लागले.

कार्यकर्त्यांनी भित्तिपत्रक वा पथनाट्य रचताना दोन प्रश्न विचारावेत. हा प्राणी बलवानाला चिमटा काढतो, की दुर्बलाच्या जातीला आणि देहाला हिणवितो? आणि तो पाहून प्रेक्षक जाब विचारण्यास उठतो, की हसून घरी जातो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर उपहासाची शिवीगाळ होते. दुसऱ्याचे चुकले तर करमणूक. लोकशाहीच्या चळवळीला या दोहोंचा उपयोग नाही.