गजकर्णावर स्टेरॉईडची ट्यूब: नियम असूनही धोका का टळत नाही?

ढोकी परिसरात शेतात, उसात घाम गाळणाऱ्या रुग्णांची गोष्ट बहुतेक वेळा सारखीच असते. जांघेत किंवा कमरेवर गोल चट्टा उठतो, खाज सुटते. मेडिकलमधून एक ट्यूब आणली जाते. दोन-तीन दिवसांत आराम पडतो. ट्यूब थांबवली की चट्टा पुन्हा येतो, आधीपेक्षा मोठा. दवाखान्यात येईपर्यंत काही महिने गेलेले असतात आणि घरात आणखी दोघांना खाज सुरू झालेली असते.

असे का होते?

गजकर्ण, म्हणजेच नायटा, हा बुरशीचा संसर्ग आहे. स्टेरॉईड मलम लाली आणि खाज कमी करते, पण बुरशी मारत नाही. उलट त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी पसरते. चट्ट्याचे रूपही बदलते, त्यामुळे निदान अवघड होते. बाजारातील अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉईड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असते, म्हणून आपण स्टेरॉईड लावत आहोत हे रुग्णाला कळतच नाही.

नियम काय सांगतो?

पूर्वी त्वचेवर लावायच्या बऱ्याच स्टेरॉईडना चिठ्ठीच्या नियमातून सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन यांसह १४ स्टेरॉईडची सूट काढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली. त्यांत अशी काही मलमेही होती.

तरीही रिकामी ट्यूब दाखवली की नवी मिळते. त्वचारोगतज्ज्ञ गाठायला धाराशिव किंवा लातूर, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. ट्यूब मात्र स्वस्तात, लगेच मिळते. दोष फक्त दुकानदाराचा नाही. झटपट आराम मिळावा म्हणून आम्ही डॉक्टरही कधी कधी मिश्र मलम लिहून देतो. ही सवय आम्हीही सोडली पाहिजे.

याची किंमत मोठी आहे. नेहमीच्या टर्बिनाफिन गोळीला अनेकदा न जुमानणाऱ्या एका बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळाले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण आढळले. भारतात ती फोफावण्यामागे स्टेरॉईडमिश्रित मलमांचा गैरवापर हे एक कारण असल्याचे अनेक तज्ज्ञ मानतात.

मग स्टेरॉईड वाईटच का?

नाही. इसब, सोरायसिस, काही अ‍ॅलर्जी यांत ते उत्तम औषध आहे. फक्त निदान आधी, ट्यूब नंतर.

- खोक्यावरील नाव वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टेरॉईड आहेत.
- मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दिवसातून एकदा किंवा दोनदा, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस लावा.
- चेहरा, जांघ, काख आणि लहान मुलांची त्वचा येथे स्वतःच्या मनाने लावू नका. त्वचा पातळ होते, पुरळ येते, जांघेत कायमचे व्रण पडू शकतात.
- गोरे होण्यासाठी तर कधीच नाही.
- दुसऱ्याची ट्यूब वापरू नका.

गजकर्ण असेल तर बुरशीचे औषध काही आठवडे घ्यावे लागते. खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका. टॉवेल, अंतर्वस्त्रे वेगळी ठेवा, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. घरात ज्यांना ज्यांना खाज आहे, त्या सर्वांवर एकाच वेळी उपचार करा.

महिनोन्‌महिने स्टेरॉईड लावत असाल तर घाबरू नका आणि लपवूही नका. अचानक बंद केल्यास त्वचेची आग व लाली वाढू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना भेटा. येताना ती ट्यूब सोबत आणा. तुमच्या चट्ट्याची अर्धी माहिती आम्हाला तिच्यावरूनच कळते.