एका लांबलचक फ्रेंच शब्दाचीं अक्षरें

फ्रेंच भाषेंतील सर्वांत लांब शब्द कोणता, असें विचारल्यास तिकडील मनुष्य बहुधा ‘घटनाविरुद्ध रीतीनें’ या अर्थाचें एक क्रियाविशेषण पुढें करतो. त्याचे वर्ण २५. हल्लीं आपल्या शाळांतून संस्कृताऐवजीं फ्रेंच घेणारीं मुलें पुष्कळ. तीं तो ‘अँटिकॉन्स्टिट्यूशनेलमेंट’ असा वाचतात. हें वाचन इंग्रजीच्या चष्म्यांतून झालें. खरा उच्चार साधारणपणें असा : आँ-ति-कोँस्-ति-तु-स्यो-नेल्-माँ.

मौज ही कीं, यांतील बहुतेक ध्वनि मराठी मुलाच्या तोंडांत आधींच आहेत. फ्रेंच ‘त’ दंत्य आहे, म्हणजे आपलाच. ‘ट’ करण्याचें कारण नाहीं. ‘आँ’ हा शुद्ध अनुनासिक. त्यामागें ‘न्’ ऐकूं येतां कामा नये. ‘स्यो’ मध्यें तर आपला यण् दिसतो : ‘इति’ आणि ‘आदि’ मिळून ‘इत्यादि’ व्हावें, तसा इकाराचा येथें ‘य’ होतो. अडतें तें फक्त ‘तु’पाशीं. तेथें जीभ ‘ई’ची ठेवून ओठ ‘ऊ’चे करावे लागतात, व त्यास आपल्या लिपींत चिन्ह नाहीं.

आतां अक्षरें किती? वरील उच्चारांत ८ झालीं. परंतु ओळीच्या शेवटीं शब्द तोडावयाचा तर ‘नेल्’ आणि ‘माँ’ यांमध्यें ‘ल’ हें आणखी एक अक्षर निघतें, आणि संख्या ९ होते. हा ‘ल’ आला कोठून? शेवटचें ‘माँ’ म्हणजे लॅटिन भाषेंतील मनोवाचक शब्द, आपल्या ‘मति’चा सख्खा भाऊबंद. तो ‘मति’प्रमाणेंच स्त्रीलिंगी असल्यामुळें मागील विशेषणही स्त्रीलिंगी झालें, व त्या स्त्रीप्रत्ययाचा स्वर आज केवळ लिहिण्यांत उरला आहे. आपण ‘बोलणें’ लिहून ‘बोल्णें’ म्हणतों, तसेंच हें. परीक्षेंत अक्षरें पाडावयास सांगितलीं असतां, लेखनाचीं कीं उच्चाराचीं, हें मुलानें आधीं पाहावें. नाहींतर येत असूनही गुण जातात.

छंदःशास्त्राचा हिशेब आणखी निराळा. आपल्या गणवृत्तांत ‘बोलणें’ या शब्दाचीं तीन अक्षरें धरतात, त्याप्रमाणें जुने फ्रेंच कवि तो मूक स्वर मोजीत. शिवाय ‘स्यो’ फोडून ‘सि-ओ’ करीत. म्हणजे अक्षरें १०. रासीनच्या नाटकांतील वृत्त आपल्या वंशस्थासारखें १२ अक्षरांचें असून त्यांत सहाव्या अक्षरावर यति येतो, आणि तेथें शब्द संपलाच पाहिजे. दहा अक्षरांचा शब्द चरणांत पहिल्या, दुसऱ्या वा तिसऱ्या स्थानापासून, कोठूनही बसविला तरी यतिभंग होतोच. सबब त्या वृत्तांत या शब्दास मुळींच प्रवेश नाहीं.