परिचारिकेच्या घरी कोण?

आपत्कालीन उपचारांचा विषय निघाला की आपण व्हेंटिलेटर आणि डिफिब्रिलेटर मोजू लागतो. रायपूरही याला अपवाद नाही. पण रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडते ते बहुधा घरातच, आणि छातीवर दाब न मिळाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. एम्समधली रात्रपाळीची परिचारिका परक्याचे हृदय सुरू करत असताना तिच्या घरी वडील कोसळले तर? भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्यांसाठी केवळ छातीदाबाची पद्धत मांडली: मिनिटाला १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, तोंडाने श्वास देणे नाही. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गात त्यांच्या कुटुंबीयांनाही बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुतळा तोच, शिकवणारा तोच. खुर्च्या तेवढ्या वाढवाव्या लागतील.