कार्यक्रम मराठी, यादी इंग्रजी

हॉस्टेलच्या टीव्हीवर सह्याद्री लावा आणि गाईडचं बटण दाबा. कार्यक्रम मराठी, पण त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत! आपण वाचतो हो, पण घरी साताऱ्या-सांगलीला आजी विचारते, "बाळा, आता काय लागणारंय?"

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, तरी ही अवस्था. तिकडे ब्रिटनमध्ये वेल्श भाषेच्या चॅनेलसाठी ग्विन्फर एव्हान्स यांनी १९८० मध्ये आमरण उपोषणाचा इशारा दिला, तेव्हा सरकार नमलं आणि १९८२ ला 'एसफोरसी' सुरू झालं. आपल्याला उपाशी राहायची गरज नाही (मेसच्या कृपेने अर्धे आहोतच!). आपलं डीटीएच ज्या डीव्हीबी मानकावर चालतं, त्यात युनिकोड मजकूर पाठवायची सोय आहे. म्हणजे देवनागरीही जाते. आपण ती मागायला हवी. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, फायनल इयरला प्रोजेक्ट शोधताय ना?