आधी कामांच्या वाटण्या बदला

परिपाठाला मुलं उद्देशिका म्हणतात. समानता हा शब्द खणखणीत आवाजात येतो. मग वर्गात आल्यावर मुली झाडू घेतात, मुलगे बाकं सरकवतात आणि हुशार म्हणून ठरलेली दोघं-चौघं फळ्यावर तारीख-सुविचार लिहितात. कोणाची जागा कुठे, हे पहिलीतल्या पोराला एवढ्यावरून कळतं. म्हणून पहिली ते पाचवीच्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे : सामाजिक न्याय शिकवायचा असेल तर आधी वर्गातली कामं आणि जागा नव्याने वाटा.

चिठ्ठ्या टाका. झाडणं, पाणी भरणं, पोषण आहार वाढणं, परिपाठाचं सूत्रसंचालन, सगळं दर आठवड्याला फिरू द्या आणि तक्ता भिंतीवर लावा. मुलग्यांच्या हातीही झाडू येऊ द्या. स्वच्छतागृह धुण्याचं काम मात्र कोणत्याच मुलाला सांगू नका. ज्यांच्या घरच्यांना पिढ्यान्‌पिढ्या तेच करायला लावलं, त्यांच्या मुलांना तर नाहीच नाही. आणि शिष्यवृत्तीचे कागद मागताना प्रवर्गाचं नाव घेऊन मुलांना वर्गात उभं करू नका. पालकांना बाजूला भेटा, फोन करा. सगळ्या वर्गाच्या नजरा झेलत उभं राहिलेलं मूल तो क्षण सहजी विसरत नाही.

चौथी-पाचवीला बाबासाहेबांच्या साताऱ्याच्या शाळेची हकिकत जरूर सांगा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव तिथल्या सरकारी शाळेत दाखल झालं; राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बसायला वेगळं गोणपाट. शाळा झाडणारा नोकर त्याला शिवणार नाही, म्हणून ते रोज घरी न्यायचं, सकाळी परत आणायचं. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान तशीच.

एवढं सांगून गप्प बसा. तात्पर्य सांगायची घाई नको. मग विचारा, बाकीच्या मुलांना तेव्हा काय करता आलं असतं? आपल्याकडे डबा खाताना कोण एकटं बसतं? उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या. फक्त एखाद्या मुलाकडे वळून ‘तू सांग, तुला कसं वाटतं’ असं म्हणू नका. आपलं दुःख चारचौघांत मांडायची सक्ती कोणावरच नसावी.

ज्यांना सांगायचंय त्यांना लिहू द्या. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला, तेव्हा ती शाळकरी मुलगीच होती. तुमच्या वर्गातली मुलंही लिहितील, घरच्या बोलीत लिहितील. वहीत ‘पानी’ दिसलं की लगेच लाल पेन उचलू नका. काय लिहिलंय ते आधी वाचा, त्यावर त्या मुलाशी बोला. शुद्धलेखन उद्या घेता येईल.

आईबाबांनो, तुमचंही यात काम आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. पुढच्या बैठकीत बांधकाम-रंगरंगोटीचे विषय निघायच्या आधी विचारा, की आमच्या शाळेत झाडतं कोण, जेवणाच्या पंगतीत कोण कुठे बसतं, आणि हे कोणी ठरवलं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. त्याच्या पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा.