दांडी कुणी पाडली?

मुलगी इंग्लंडात असते. तिथे तिच्या कॉली कुत्र्याचा अ‍ॅजिलिटीचा सराव मी बरेचदा मैदानाच्या कडेला बसून पाहिलाय. अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मधल्या वेळेतली करमणूक म्हणून ती प्रथम दाखवली गेली. घोड्यांच्या उड्यांवरून घेतलेली. पण इथे पाठीवर स्वार नाही, साखळी नाही, हातही लावायचा नाही. माणसाने बरोबर धावायचं आणि पुढची उडी कुठली ते आपल्या पावलांनी, खांद्यांनी, आवाजाने सांगायचं.

दांडी पडली की ५ दोष, चुकीच्या अडथळ्यावरून उडी मारली की स्पर्धेतून बाद. आणि सरावात ओरडा कोण खातं? कुत्रा!

मंडळी, मला हे अजिबात पटत नाही. कुत्रा वळायचं कुठे हे जमीन सोडण्याआधीच ठरवतो. तो हवेत असताना तुम्ही हात फिरवलात, तर एक तर तो सरळ पुढे जाऊन उतरणार, नाहीतर हवेतच अंग पिळणार आणि मागचा पाय दांडीला लागणार. फळ्यावर गणित चुकीचं लिहायचं आणि पोराचा कान पिळायचा, त्यातलाच हा प्रकार. (असे मास्तर आमच्या वेळी होते. असो.)

फ्रंट क्रॉस घ्या. कुत्र्याच्या पुढे जाऊन, त्याच्याकडे तोंड करून वळायचं आणि बाजू बदलायची. रिअर क्रॉसमध्ये हेच त्याच्या मागून. दोन्ही माणसाच्या पायांची कामं! मग ती आधी कुत्र्याशिवाय का घोटू नयेत? स्पर्धेतसुद्धा आधी रिकाम्या मैदानावर चालून मार्ग पाहू देतात. तीन अडथळे कमानीत मांडा, दांड्या अगदी खाली ठेवा, हवं तर जमिनीवरच, आणि एकट्याने दहा वेळा धावा. कुणाला तरी मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. हात कधी फिरला ते दिसेल.

"दांडी खाली ठेवली की कुत्रा निष्काळजी होतो," असं तिथले एक गृहस्थ मला म्हणाले. अहो, उंचीचा धडा वेगळा, वळणाचा वेगळा. पाढे म्हणून घेताना शुद्धलेखन काढत नाहीत. तुमचं वळण जमेपर्यंत तो बिचारा पूर्ण उंचीवरून वीस-वीस उड्या मारतो, त्या त्याच्या खांद्यांना भोवतात. त्यात आठ महिन्यांच्या पिल्लांनाही उंच दांड्या लावणारे महाभाग आहेत. ब्रिटनचा केनेल क्लब काय, युरोपातली एफसीआय काय, १८ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरू देत नाहीत. हाडं वाढत असतात म्हणूनच ना?

मुलीला एवढंच सांगून ठेवलंय, दांडी पडली तर "नो" म्हणून ओरडायचं नाही. दांडी परत लावायची आणि आपण आधी कुठे उभे होतो ते बघायचं.