रिपोर्ट नॉर्मल, माणूस आजारी!

बेळगाव, खानापूर, लोंढा इकडून गाडीने हुबळीस उतरणाऱ्या आमच्या माणसांत दोन जाती असतात. एक खरेदीला आलेली, दुसरी डॉक्टरकडे आलेली. परतीच्या गाडीला अवकाश असला की दोघेही कोप्पीकर रोडवर येतात. पहिल्याच्या काखेत कापडाच्या पिशव्या असतात. दुसऱ्याच्या हातात ते ओळखीचे मोठे पाकीट असते. त्यात क्ष-किरणांची काचेसारखी काळी चित्रे, रक्त-लघवीचे कागद, सोनोग्राफी, आणि अलीकडे एमआरआयसुद्धा! ह्या पाकिटासाठी कोणी दूध-डेअरीचे पैसे उचललेले असतात, कोणी बायकोची पाटली गहाण टाकलेली असते. आणि पाकिटातल्या प्रत्येक कागदावर अखेरीस एकच शब्द उमटलेला असतो: नॉर्मल.

वास्तविक हा शब्द ऐकून माणसाने पेढे वाटावेत. पण तो रस्त्याच्या कडेला उभा राहून पुन्हा पुन्हा तेच कागद उलगडतो. सहा महिने अंग मोडून येते आहे, हातापायांना मुंग्या येताहेत, जेवण जात नाही, झोप लागत नाही. तीन डॉक्टर झाले, तिघांनी तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या, आणि चौथ्याने ‘तुम्हाला काही झालेले नाही’ म्हणून पाठीवर हात ठेवला. काही झालेले नाही तर मग हे काय आहे? ह्या प्रश्नाचे उत्तर पाकिटात नाही. अशा वेळी त्याला कोणीतरी गाठतो. नात्यातला असेल, दुकानदार असेल, गाडीतला सहप्रवासी असेल. ‘अहो, आमच्या मेव्हण्याला अगदी असेच होते. अमुक गावच्या वैद्याच्या पुड्या घेतल्या, एकवीस दिवसांत माणूस घोड्यासारखा झाला!’ पाकीट बंद होते आणि पुडी उघडते.

ह्या गृहस्थाला हसणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. सुशिक्षित मंडळी त्याला अडाणी म्हणतात, पण त्यांच्यापैकी कितीजणांच्या कपाटात होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या आणि कसले तरी काढे आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. खरोखर ह्या माणसाने प्रथम आधुनिक वैद्यकाचाच दरवाजा ठोठावला. पैसे मोजले, रांगेत उभा राहिला, सुया टोचून घेतल्या. तो विज्ञानाकडे पाठ फिरवून निघालेला नाही. उत्तर न मिळाल्यामुळे तो पुढच्या दारी गेला. तेव्हा त्याला दोष देण्यापूर्वी, पहिल्या दारी काय चुकले हे पाहिले पाहिजे.

पहिल्या दारी त्याचे कोणी ऐकूनच घेतले नाही, हे त्याचे पहिले उत्तर आहे. २०१७ साली ६७ देशांतील माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील रुग्णाच्या वाट्याला प्राथमिक उपचारांच्या ठिकाणी डॉक्टरची सरासरी दोनेक मिनिटे येतात, असे दिसून आले. दोन मिनिटांत माणूस चपला काढून स्टुलावर बसतो न बसतो! उलट, १९७५ साली इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी ८० नव्या रुग्णांचा हिशेब मांडला होता. त्यांपैकी ६६ जणांचे निदान आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाची हकीकत ऐकूनच बरोबर झाले होते. अंग तपासल्यामुळे निदान बदलले ते फक्त ७ जणांचे, आणि प्रयोगशाळेच्या तपासण्यांमुळे बदलले तेही ७ जणांचेच. त्या काळी आजची यंत्रे नव्हती हे मान्य. पण यंत्राला तरी काय शोधायचे हे हकीकतीनेच सांगावे लागते. नॉर्मल ह्याचा अर्थ इतकाच की, जे शोधले ते सापडले नाही. मुंग्या येणाऱ्या शाकाहारी माणसाचे बी-१२ जीवनसत्त्व कोणी मोजलेच नसेल, तर बाकीचे दहा कागद नॉर्मल येऊन उपयोग काय? आणि काही दुखणी अशीही आहेत की, ज्यांना अद्याप रक्ताची एकही निर्णायक चाचणी नाही. वर्षानुवर्षे सर्वांग दुखवणारा फायब्रोमायल्जिया घ्या, किंवा आतड्यांचे ते चिडके दुखणे घ्या. ही दुखणी खोटी नाहीत. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य मात्र खोटे आहे. ‘तुम्हाला काय झाले आहे हे मला अजून कळलेले नाही’ असे म्हणण्याने कोणाही डॉक्टरची पदवी काढून घेतली जात नाही!

आणि येथे आम्हांला एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. दुखण्याला मातृभाषा असते. आमचा माणूस म्हणतो, कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, शिणका येतो, सलते, चुरचुरते, हुळहुळते, अंगात कसकस आहे, कणकण आहे. ह्यांतला प्रत्येक शब्द वेगळा आहे, आणि जाणत्या कानाला प्रत्येक शब्द वेगळे काही सांगतो. चुरचुरणे आणि ठणकणे ह्यांत जळती नस आणि पिकता फोड ह्यांच्याएवढे अंतर आहे. हुबळीच्या किंवा बेळगावच्या इस्पितळात ह्या साऱ्याचे काय होते? मोडक्या कन्नडमध्ये, त्याहून मोडक्या हिंदीत तो काहीतरी सांगतो आणि केसपेपरावर इंग्रजीत एक शब्द पडतो: ‘पेन’. ह्यात कन्नड डॉक्टरचा किंवा कन्नड भाषेचा काही दोष नाही. हीच गत कोल्हापूर-मिरजेस जाणाऱ्या कन्नड शेतकऱ्याची होत असली पाहिजे, आणि तीही तितकीच वाईट आहे. पण मग वैद्य काय करतो? तो नाडीवर बोटे ठेवून अर्धा तास घरची भाषा बोलतो. भूक विचारतो, झोप विचारतो, सूनबाईशी पटते की नाही हेही विचारतो. रुग्णाला निम्मे बरे तेथेच वाटते. हे वाटणे खरे असते. पुडीचा गुण कोणता आणि त्या अर्ध्या तासाचा कोणता, हे मात्र त्याला सांगता येत नाही. वैद्यालाही येत नाही.

तोच तर खरा प्रश्न आहे. गुण आला, पण कशाने आला?

आमच्याच भागातले एक उदाहरण घेऊ. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीस १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४७-४८ च्या सुमारास क्षयाने अंथरुणाला खिळले. वय अवघे तेवीस-चोवीस. गाणे बंद, अशी डॉक्टरांची आज्ञा झाली. क्षयावर त्या काळी रामबाण असे काही नव्हतेच. मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती एवढाच उपचार. मिरजेजवळ वानलेसवाडीस सॅनिटोरियम होते, तेही ह्याच तत्त्वावर. कुमार कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीत माळव्यात देवासला गेले, पडून राहिले, पडल्या पडल्या तिथली लोकगीते ऐकत राहिले, आणि १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत बसले. एक फुफ्फुस निकामी झाले होते. तरी पुढे जवळजवळ चाळीस वर्षे ते गायले. ही कथा सांगताना आमची मंडळी देवासच्या हवेचे गुणगान करतात, माळव्याच्या मातीला हात जोडतात. मधल्या काळात स्ट्रेप्टोमायसिन नावाचे औषध आले आणि ते कुमारांना मिळाले, एवढीच गोष्ट सांगायची राहून जाते! कथेला हवा शोभते, इंजेक्शन शोभत नाही.

मग हवेने की इंजेक्शनाने? हे ठरवण्याचा एक सरळ मार्ग आहे आणि तो ह्याच औषधाच्या बाबतीत जगाला प्रथम नीट दिसला. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १०७ क्षयरोगी घेतले. बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांनी त्यांचे दोन गट केले. ५५ जणांना विश्रांती आणि स्ट्रेप्टोमायसिन, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्यात १४. पुढे १९५९ साली मद्रासच्या संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकले. गरीब रुग्णांपैकी काहींना सॅनिटोरियमच्या हवेत आणि सकस आहारावर ठेवले, बाकीच्यांना त्यांच्याच कोंदट घरांत. औषधे दोघांनाही तीच. वर्षअखेर दोन्ही गटांचा गुण जवळजवळ सारखा! ज्या हवेवर दोन पिढ्यांनी श्रद्धा ठेवली, जिच्यासाठी माणसांनी घरेदारे सोडली, तिच्यावाचूनही औषध काम करीत होते. वाचकांनी एक लक्षात घ्यावे. ह्या परीक्षेत मोडीत निघालेली हवापालट ही कोणा वैदूची विद्या नव्हती. ती डॉक्टरांचीच होती. परीक्षा ही अशी असते. ती कोणाचीही जात विचारीत नाही.

म्हणूनच वैद्यकीच्या अभिमान्यांनी ह्या परीक्षेला भिण्याचे कारण नाही. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वापरात होते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी ५० रुग्णांवर ते वापरले, रक्तदाबाचे आकडे टिपून ठेवले, आणि १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात छापले. त्या मुळीतून निघालेले औषध मग जगभर गेले. त्याने काही रुग्णांना खिन्नता येते हेही पुढे असेच मोजून कळले. गुणही मोजला, अवगुणही मोजला. आमच्या पुडीवाल्यांच्या तोंडी अवगुण हा शब्दच नसतो. ‘झाडपाला आहे, अपाय कसला?’ हे त्यांचे ठरलेले वाक्य.

अपाय कसला, ते सांगतो. करोनाच्या दिवसांत घरोघर गुळवेल उकळू लागली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर ह्या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण भेटले. सहाही जण गुळवेल घेणारे होते. २०२२ मध्ये तेरा रुग्णालयांतून असे ४३ रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयाने ह्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नीट ओळखली नसावी असे म्हटले. आक्षेपात तथ्य असेलही. परंतु वनस्पती ओळखण्यातच तज्ज्ञांचे मतभेद होतात, तेथे बाजारात बिनलेबलाची पुडी घेणाऱ्याने काय ओळखावे? आणि भस्मांविषयी तर बोलायलाच नको. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून विकत घेतलेली ७० आयुर्वेदीय औषधे २००४ साली तपासली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल सापडला. शिसे अंगात भिनले की काय होते? अंग मोडून येते, पोटात कळा येतात, हातापायांना मुंग्या येतात. म्हणजे ज्या दुखण्यासाठी पुडी घेतली, तेच दुखणे पुडीतून परत! त्यावर आणखी एक पुडी.

शिवाय मेव्हण्याच्या एकवीस दिवसांचे काय? बहुतेक दुखण्यांना चढउतार असतो, आणि माणूस नव्या वैद्याकडे जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. शिगेवरून पुढे उतारच असायचा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, आणि कावळ्याला दक्षिणा मिळते. मधुमेह, कर्करोग, अपस्मार ह्यांसारखे रोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तो कायदा झाल्याला सत्तर वर्षे उलटली. तरी बसस्टँडाच्या भिंतींवर आणि आता मोबाइलच्या पडद्यावर हे सारे रोग रोज बरे होत असतात.

तर मग त्या गृहस्थाने कोप्पीकर रोडवरून जावे कोठे? वैद्याकडे जाऊ नको, असे आम्ही त्याला म्हणणार नाही. म्हटले तरी तो जाणार, आणि मग लपून जाणार. हे लपवणेच खरे घातक आहे. डॉक्टर रागावेल म्हणून काढा सांगायचा नाही, वैद्य रुसेल म्हणून गोळ्या सांगायच्या नाहीत, ह्या भिडेपायी दोन औषधे पोटात एकमेकांशी झगडतात आणि तिसराच रोग उभा राहतो. जायचे तर पदवी आणि नोंदणी असलेल्या वैद्याकडे जावे. औषधाचे नाव कागदावर मागावे. जो नाव सांगत नाही, त्याचे औषध घेऊ नये, मग तो कितीही मोठ्या मठाचा असो. रक्तदाब, साखर, फिट ह्यांवरची चालू औषधे कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नयेत. आणि वजन उतरत असेल, संध्याकाळी ताप भरत असेल, थुंकीतून वा शौचावाटे रक्त जात असेल, तर पुड्यांचे एकवीस दिवस मोजीत न बसता परत विद्यानगरच्या त्या १९५७ पासूनच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाची पायरी चढावी. जुने कागद घेऊन, पण हकीकत पहिल्यापासून सांगत.

आमचे मागणे दोघांकडेही आहे. बेळगावात २००६ साली सुरू झालेली, पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. शहापुरात १९३३ पासूनचे आयुर्वेद महाविद्यालय आहे. गुळवेल कोणी घेऊ नये, कोणत्या भस्मात काय सापडले, हे त्यांनी ह्या भागातल्या माणसाला मराठीत आणि कन्नडमध्ये छापून सांगावे. इंग्रजी नियतकालिकांतले निबंध आमच्या आठवडी बाजारात विकले जात नाहीत. आणि हुबळी-बेळगावच्या इस्पितळांनी बाह्यरुग्ण विभागात मराठी हकीकत लिहून घेणारा एक माणूस तरी बसवावा. हे अवघड नाही. तेथे शिकणाऱ्या मुलांतच ती भाषा जाणणारी डझनावारी असतील.

तो बसेपर्यंत वाचकांनी एवढे करावे. हुबळीची गाडी पकडण्यापूर्वी घरीच एक साधा कागद घ्यावा. दुखणे कधी सुरू झाले, कशाने वाढते, कशाने उतरते, कोणकोणत्या गोळ्या, काढे, पुड्या आणि अंगारे झाले, हे त्यावर आपल्याच शब्दांत लिहावे. ठणका असेल तर ठणकाच लिहावे, आणि तो कागद त्या पाकिटात सर्वांत वर ठेवावा. वाचून दाखवणारा हुबळीत कोणीही भेटेल.